चुंबकाकडे ओढला जाणारा सल्फाइड : पिरोटाइटची पारख, उपयोग आणि जपणूक

इंदूर शहर माळव्याच्या ज्या पठारावर वसले आहे, ते पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हाचे, म्हणजेच बेसाल्टाचे आहे. आणि खान नदीकाठी होळकरांनी १८८६ ते १९२१ या काळात ज्या भूमीवर लालबाग राजवाडा उभारला, तिच्या तळाशीही हाच काळा पाषाण आहे. या पाषाणाच्या ताज्या तुकड्याजवळ दोऱ्याने टांगलेला जोरकस चुंबक नेला, तर तो किंचित का होईना, पण दगडाकडे झुकतो. याचे कारण बेसाल्टात विखुरलेले टायटॅनोमॅग्नेटाइटचे, म्हणजे लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांपासून बनलेल्या काळ्या खनिजाचे बारीक कण होत. म्हणून ‘पिरोटाइट हे चुंबकीय खनिज आहे’ एवढेच वाक्य ध्यानात ठेवून लालबागच्या आसपास दगड पारखू पाहणाऱ्या वाचकाला जवळजवळ प्रत्येक काळा दगड पिरोटाइट वाटण्याची शक्यता असते, आणि माळव्यात तो निष्कर्ष बहुधा चुकीचाच ठरतो. चुंबकाने शोधाला सुरुवात करावी. निकाल मात्र इतर कसोट्यांवर सोपवावा.

बेसाल्टाचे हे चुंबकत्व किती खरे आहे, याची साक्ष कोकणात मिळते. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडणार हे उघड होते, आणि त्यामुळे ती मोजणी १९०४ साली अलिबागला हलवण्यात आली. तेथील उपकरणांच्या इमारती बांधताना हाताशी मुबलक असलेला काळा पाषाण टाळून मुद्दाम पोरबंदरचा दगड वापरण्यात आला, कारण भिंतीतल्या दगडानेच सुई हलवली असती तर मोजणीला अर्थ उरला नसता.

पिरोटाइट हे लोह आणि गंधक या दोनच मूलद्रव्यांचे खनिज आहे. गंधकाचे धातूशी संयुग झाले की त्याला सल्फाइड म्हणतात. अशा लोह सल्फाइडांपैकी सर्वांत परिचित ते पायराइट, ज्याच्या पितळी चकाकीला भुलून अनेकांनी त्याला सोने समजले आहे. पायराइटमध्ये लोहाच्या एका अणूमागे गंधकाचे दोन अणू असतात, तर पिरोटाइटमध्ये हे प्रमाण एकास एकच्या जवळ असूनही लोह किंचित कमी पडते. त्याच्या सर्वांत चुंबकीय प्रकारात लोहाच्या ७ अणूंमागे गंधकाचे ८ अणू असतात आणि वजनाने पाहिल्यास लोह सुमारे ६० टक्के व गंधक सुमारे ४० टक्के भरते. स्फटिकात लोहाच्या अणूंसाठी असलेल्या काही जागा रिकाम्या राहतात, आणि या खनिजाचे चुंबकत्व नेमके या रिकाम्या जागांतून उद्भवते. लोहाचे अणू थराथरांनी बसलेले असतात व लगतच्या दोन थरांतील अणूंचे चुंबकत्व परस्परविरुद्ध दिशांना रोखलेले असते. दोन्ही थर तुल्यबळ असते तर रस्सीखेचीत दोर जागीच राहावा तसे सारे एकमेकांत विरून गेले असते. पण रिकाम्या जागा जेव्हा एकाआड एक थरातच नीट ओळीने बसतात, तेव्हा एक बाजू दुबळी पडते आणि खनिजाला निव्वळ चुंबकत्व उरते. अशा असमतोल चुंबकत्वाला फेरीचुंबकत्व म्हणतात.

यातूनच व्यवहाराला उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. रिकाम्या जागांची मांडणी वेगळी असेल, तर त्याच पिरोटाइटचे चुंबकत्व जवळजवळ नाहीसे होते. एकनत स्फटिकरचनेचा, ७ : ८ प्रमाणाचा प्रकार चुंबकाकडे स्पष्ट ओढला जातो, षट्कोणी रचनेचा, लोह थोडे अधिक असलेला प्रकार साध्या तापमानाला जेमतेम प्रतिसाद देतो, आणि लोह व गंधक अगदी समप्रमाणात असलेले, मुख्यतः उल्काश्मांत आढळणारे ट्रॉइलाइट चुंबकाला दादच देत नाही. निसर्गात पहिले दोन प्रकार पुष्कळदा एकाच तुकड्यात मिसळलेले असतात, त्यामुळे एका कडेला चुंबक चिकटतो आणि दुसऱ्या कडेला घसरतो, असा अनुभव आल्यास त्यात नवल मानू नये. सर्वाधिक चुंबकीय पिरोटाइटचीही ओढ मॅग्नेटाइट या काळ्या लोहखनिजाच्या सुमारे एक-पंचमांशच असते, आणि सुमारे ३२० अंश सेल्सियसच्या वर तापवल्यास तीही मावळते. ज्या तापमानाला पदार्थाचे असे चुंबकत्व संपते, त्याला क्यूरी तापमान म्हणतात. हा प्रयोग घरी मुळीच करू नये, कारण तापलेल्या सल्फाइडातून गंधकाचा तिखट, श्वास कोंडणारा वायू निघतो.

घरी करता येण्याजोगी पारख चार-पाच पायऱ्यांची आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. पहिली पायरी रंगाची. ताज्या फुटलेल्या पृष्ठावर पिरोटाइट काशासारखे, थोडीशी गुलाबी वा तपकिरी झाक असलेले दिसते आणि त्याची चमक धातूची असते. मात्र हवेत ते लवकर काळवंडते, त्यामुळे जुन्या पृष्ठाच्या रंगावर भरवसा न ठेवता कोपरा फोडून पाहावे. पायराइट याहून फिकट पितळी असते, चाल्कोपायराइट हे तांब्याचे सल्फाइड गडद पिवळे असते, तर मॅग्नेटाइट काळेच असते. दुसरी पायरी कसाची. कस म्हणजे खनिज घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग. तो पाहण्यासाठी फरशीच्या टाइलची मागची, झिलई नसलेली खरखरीत बाजू पुरते. पिरोटाइटचा कस गडद करडा ते काळा येतो, चाल्कोपायराइटचा हिरवट काळा. तिसरी पायरी कठिनतेची : पिरोटाइटची कठिनता ३.५ ते ४.५ असल्यामुळे पोलादी चाकूने त्यावर सहज ओरखडा उठतो, तर पायराइट आणि मॅग्नेटाइट यांवर चाकू बहुधा घसरतो. काळा, चुंबकीय पण चाकूला न जुमानणारा कण मॅग्नेटाइटचा, आणि पितळी, चाकूला न जुमानणारा पण चुंबकाला उदासीन असलेला कण पायराइटचा, इतके या दोन कसोट्यांच्या जोडीने सांगता येते.

चौथी पायरी वजनाची आहे आणि लालबागच्या वाचकाला तीच सर्वांत उपयोगी पडेल, कारण बेसाल्टाला बाद करण्याचे काम ती चोख करते. खनिजाचे वजन त्याच्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट आहे, या संख्येला विशिष्ट गुरुत्व म्हणतात. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर प्रथम कोरड्या दगडाचे वजन घ्यावे. नंतर पाण्याने अर्धे भरलेले भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याने बांधलेला दगड भांड्याच्या तळाला वा कडेला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडेल असा हातात धरावा. आता काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरडे वजन २३० ग्रॅम आणि हा आकडा ५० ग्रॅम आला, तर भागाकार ४.६ येतो, आणि तेच पिरोटाइटचे विशिष्ट गुरुत्व आहे. बेसाल्टाचा भागाकार ३ च्या आतबाहेर, चाल्कोपायराइटचा ४.२ च्या आसपास, पायराइटचा ५ आणि मॅग्नेटाइटचा ५.२ येतो. तुकड्यात गारगोटी किंवा इतर हलका दगड मिसळलेला असेल तर आकडा खाली येतो, म्हणून शक्य तितका शुद्ध तुकडा घ्यावा आणि मोजणी होताच तो पुसून पूर्ण वाळवावा.

शेवटची पायरी पुन्हा चुंबकाची, पण थोड्या काळजीने. दगडाला चुंबक नुसता चिकटवून पाहण्यापेक्षा छोटा निओडिमियम चुंबक दोऱ्याने टांगून तो दगडाजवळ न्यावा, म्हणजे दुबळी ओढही दिसते. शंका उरलीच तर एका कोपऱ्याची भुकटी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक त्यावरून फिरवावा. बेसाल्टाच्या भुकटीतून मोजके काळे कण तेवढे उचलले जातील व बाकीची भुकटी जागीच राहील. पिरोटाइटच्या भुकटीत मात्र उचलले जाणारे कणच काशाच्या रंगाचे असतील. प्रयोगशाळेत आम्ल टाकून सडक्या अंड्याच्या वासावरूनही हे खनिज ओळखतात, पण तो वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा असतो, तेव्हा बंद खोलीत त्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

फसवे सोबती आणखी दोन-तीन आहेत. बाजारात ‘चुंबकीय हेमेटाइट’ म्हणून विकले जाणारे काळेभोर, गुळगुळीत, एकमेकांना घट्ट चिकटणारे मणी बहुधा कारखान्यात बनवलेल्या फेराइटचे असतात. नैसर्गिक हेमेटाइटचे तुकडे असे एकमेकांना चिकटत नाहीत आणि पिरोटाइटचेही नाहीत. भट्टीतून निघालेल्या मळीचे जड, फोड आलेले तुकडेही चुंबकाकडे ओढले जातात. उल्काश्म सापडल्याचा समजही नेहमी चुंबकावरूनच होतो. २२ मे २०१२ रोजी नागपूरजवळच्या काटोल परिसरात पडलेल्या उल्काश्मांत लोह सल्फाइड होते, पण ते ट्रॉइलाइट; चुंबक ओढतो तो त्यातील धातुरूप लोह-निकेलामुळे. खऱ्या पिरोटाइटचा आकाशातला पत्ता हवा असल्यास बिहारमधील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेला उल्काश्म पाहावा : तो मंगळावरून आला आहे, आणि मंगळाच्या जुन्या चुंबकत्वाचा विचार करणारे अभ्यासक त्यासारख्या दगडांतील पिरोटाइटकडे लक्ष देतात ते त्यामुळेच.

इंदूरच्या वाचकाला पिरोटाइट पाहायचे असेल तर त्याला लाव्हाच्या पठाराबाहेर, त्याहून कितीतरी प्राचीन खडकांच्या प्रदेशात जावे लागते. मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती असलेल्या बैतूल जिल्ह्यातील जस्त-तांब्याच्या सल्फाइड पट्ट्यात ते पायराइट व इतर सल्फाइडांच्या सोबतीने येते. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी परिसरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला निकेल, तांबे आणि प्लॅटिनम गटातील धातू असलेले खडक आढळले असून तेथे पिरोटाइट हे पेंटलँडाइट या निकेलयुक्त सल्फाइडाच्या आणि चाल्कोपायराइटच्या संगतीत आहे. राजस्थानात खेत्रीच्या तांब्याच्या पट्ट्यात ते भेटते, तसेच सीकर जिल्ह्यातील सलादीपुरा येथे पायराइट व पिरोटाइट यांचा मोठा साठा आहे. या सर्व ठिकाणी ते एकटे येत नाही, आणि त्याच्या उपयोगाचे गणितही या संगतीवरच ठरते.

लोह ६० टक्के असूनही लोहखनिज म्हणून पिरोटाइट मागे का पडते, याचे उत्तर सोपे आहे : गंधक लोखंडाला ठिसूळ करतो, तो काढून टाकण्याचा खर्च मोठा असतो आणि हेमेटाइटसारखी गंधकमुक्त खनिजे भारतात विपुल आहेत. गंधकाम्लासाठी ते भाजून वापरण्याची जुनी रीत होती. पण तेलशुद्धीकरणातून आणि धातुभट्ट्यांच्या धुरातून गंधक मिळू लागल्यापासून तिचे महत्त्व ओसरले. खरे मोल आहे ते सोबत्यांचे. कॅनडातील सडबरी येथे १८८३ मध्ये रेल्वेमार्ग खोदताना उघड्या पडलेल्या साठ्यांत पिरोटाइट, पेंटलँडाइट आणि चाल्कोपायराइट एकत्र आहेत. तेथे पिरोटाइट चुंबकाने वेगळे काढून भट्टीबाहेर ठेवले जाते, म्हणजे निकेल हाती येते आणि हवेत जाणारा गंधकवायू कमी होतो. नको असलेला भाग सहज वेगळा करता यावा, हाच येथे या खनिजाचा मोठा गुण ठरला आहे. दुसरा उपयोग शोधकार्याचा. पिरोटाइट वीजवाहकही असते आणि चुंबकीयही असते, त्यामुळे जमिनीखालचा साठा चुंबकमापन व विद्युतमापन या दोन्ही पद्धतींत उठून दिसतो, आणि जेथे दोन्ही खुणा एकत्र येतात तेथे छिद्र घेऊन पाहणे भूवैज्ञानिकाला योग्य वाटते.

रत्ने-स्फटिकांच्या बाजारात या खनिजाला रक्तशुद्धी, सांधेदुखी किंवा ‘ऊर्जा’ यांचे गुण चिकटवले जातात. त्याला वैद्यकीय आधार नाही. पाण्यात दगड ठेवून ते पाणी पिण्याची जी पद्धत सुचवली जाते, ती पिरोटाइटच्या बाबतीत निरुपयोगी तर आहेच, शिवाय अपायकारकही ठरू शकते, कारण ओलाव्यात या खनिजातून आम्ल आणि लोहाचे क्षार सुटतात आणि त्यासोबत निकेल, कोबाल्ट किंवा आर्सेनिकही उतरू शकते. अंगावर घालण्याच्या दागिन्यालाही ते योग्य नाही : मऊ आहे, ठिसूळ आहे आणि घामाने काळवंडते.

संग्रहासाठी तुकडा ठेवणाऱ्याने पाणी आणि दमट हवा हे त्याचे दोन शत्रू मानावेत. पिरोटाइट पायराइटपेक्षा कितीतरी वेगाने हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते; त्यातून गंधकाम्ल व लोहाचे सल्फेट तयार होतात आणि तुकड्यावर पांढरट-पिवळी बुरशीसारखी भुकटी फुटते. इंदूरचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे त्या काळात धोका कमी, पण जून ते सप्टेंबर या महिन्यांत तुकडा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा आणि पुडी ओली झाली की बदलावी. पाण्याने धुऊ नये. धूळ मऊ ब्रशने काढावी, आणि फारच गरज पडल्यास स्पिरिटने पुसून लगेच वाळवावे. माहितीची चिठ्ठी डबीच्या बाहेर लावावी, कारण आतल्या आम्लाने कागद जळून पिवळा पडतो व अक्षरे वाचेनाशी होतात. भुकटी फुटू लागलेला तुकडा इतर नमुन्यांपासून, विशेषतः चुनखडी व शंखशिंपल्यांपासून, ताबडतोब दूर करावा, आणि त्याला हात लावल्यावर हात धुवावेत.

सर्वसामान्य गृहस्थाला मात्र या खनिजाची सर्वांत महत्त्वाची ओळख संग्रहातून नव्हे, घराच्या पायातून व्हायची असते. काँक्रीटमध्ये घातलेल्या गिट्टीत पिरोटाइट असेल, तर पाणी आणि हवा काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून त्याच्यापर्यंत पोहोचतात, त्याचा गंज होतो व तो मूळ खनिजापेक्षा अधिक जागा व्यापतो. सुटलेले सल्फेट सिमेंटमधील ॲल्युमिनियमच्या संयुगांशी मिळून एट्रिंजाइट नावाचे, फुगणारे स्फटिक बनवतात. अशा दुहेरी दाबाने काँक्रीट आतून फाटते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९८३ पासून बांधलेल्या हजारो घरांच्या पायांना याच कारणाने नकाशासारख्या भेगा गेल्या, आणि त्या दिसायला पुष्कळदा दहा ते वीस वर्षे लागली. कॅनडातील त्रॉ-रिव्हिएर येथे हीच हानी काही वर्षांतच उघड झाली. आयर्लंडमधील डोनेगल परगण्यात आधी अभ्रकाला दोष दिला गेला, पण पुढील अभ्यासांनी पिरोटाइटकडे बोट दाखवले. एकदा अशी भेग सुरू झाली की ती वरून भरून थांबत नाही. पायाच बदलावा लागतो. म्हणूनच युरोपीय मानकाने गिट्टीतील एकूण गंधकाची एरवीची १ टक्क्याची मर्यादा, पिरोटाइट असल्याचे माहीत असेल तर, थेट ०.१ टक्क्यावर आणली आहे.

माळव्यातील बेसाल्टाच्या गिट्टीत सल्फाइड सहसा नगण्य असल्यामुळे लालबाग परिसरात बांधकाम करणाऱ्याने यामुळे धास्तावण्याचे कारण नाही. तिचे चुंबकत्व टायटॅनोमॅग्नेटाइटचे आहे आणि ते काँक्रीटला बाधत नाही. तेव्हा गिट्टीला चुंबक लागतो एवढ्यावरून माल परत करणेही अनाठायी ठरेल. चौकशी करायची ती गिट्टी, बारीक चुरा किंवा जोत्यात भरायचा दगड बेसाल्टाच्या प्रदेशाबाहेरून, म्हणजे बैतूलसारख्या जुन्या खडकांच्या भागातून किंवा एखाद्या धातुखाणीच्या टाकाऊ ढिगातून आला असेल तर. अशा मालात काशाच्या रंगाचे चमकते ठिपके, दगडावर गंजाचे ओघळ किंवा ओल्या ढिगाला गंधकाचा वास आढळल्यास तो पायासाठी वापरू नये. भारतीय मानक आयएस ३८३ गिट्टीत पायराइटसारखी हानिकारक द्रव्ये नसावीत असे सांगते, आणि आयएस २३८६ च्या आठव्या भागात खडकाच्या पातळ चकतीचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करण्याची पद्धत दिली आहे. मोठे बांधकाम असल्यास अभियंत्याकडून ही चाचणी आणि एकूण गंधकाची रासायनिक चाचणी, अशा दोन्ही आधीच करून घ्याव्यात. दर्शनी भिंतीसाठी परराज्यातून आणलेल्या पाटीच्या दगडाच्या वा ग्रॅनाइटच्या लाद्यांनाही हेच लागू आहे : त्यातील सल्फाइडाचे ठिपके पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच तपकिरी ओघळ सोडतात, आणि ते घासून जात नाहीत.

घरच्या कसोट्यांनी समाधान न झाल्यास नमुना भूशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयात दाखवावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे मुख्यालय आणि भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय ही दोन्ही नागपुरात आहेत, आणि खनिजांच्या अधिक सखोल परीक्षणासाठी तेथील जाणकारांचा सल्ला घेता येतो. स्फटिकाची एकनत किंवा षट्कोणी रचना क्ष-किरणांच्या विवर्तनानेच, म्हणजे स्फटिकातून क्ष-किरण कसे विखुरतात हे मोजूनच, निश्चित होते. तपासणीला देताना मुठीएवढा ताजा तुकडा कोरड्या पिशवीत बांधावा, तो कोणत्या गावच्या, कोणत्या खाणीतून वा ढिगातून व केव्हा घेतला हे सोबत लिहून द्यावे, आणि गिट्टी असेल तर ढिगाच्या वरच्या थरातून एकच मूठ न उचलता वेगवेगळ्या खोलीवरून काढलेले तुकडे एकत्र पाठवावेत.